पहिलीच्या वर्गात घरपट्टी

घरपट्टी मी बिल आलं की लगेच भरून टाकते. सूट मिळते आणि डोक्यातलं एक काम कमी होतं. यंदा भरणा केंद्र आमच्या भागातल्या बंद पडलेल्या पालिकेच्या शाळेत हलवलं होतं. पहिलीच्या वर्गात. भिंतीवर कमळाचा 'क' अजून होता आणि आम्ही करदाते चिमुकल्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसलो होतो.

"काका, पाढे येतात ना?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

तेवढ्यात एक बाई मुलीला घेऊन कर घेणाऱ्या कारकुनाच्या खिडकीशी आली. "साहेब, हिचं पहिलीत नाव घालायचंय."

"ताई, शाळा बंद झाली. मुलं कमी होती म्हणून. आता हायवेपलीकडच्या शाळेत जा."

"एवढीशी पोर हायवे कशी ओलांडेल? मला सकाळीच कामाला जावं लागतं."

"मी काय करणार? मी फक्त कर घेतो."

"मग यंदा राहू दे," ती म्हणाली. महाग भाजी परत ठेवावी तसं.

माझ्या बिलात शिक्षण कराचा वेगळा रकाना आहे. तो भरला की कुणाचं तरी पोर शाळेत बसलं, असं मी धरून चालते. पैसे सरकारकडे जातात. पुढे कुठे वळतात, ते पावतीवर नसतं.

आई दाराशी चपला शोधत होती, तोवर मुलगी माझ्या शेजारच्या बाकावर बसली. तिचे पाय जमिनीला बरोबर टेकले. इतक्या माणसांत तो बाक मापात बसला, तो तिला एकटीला.