वन्संची अडलेली ओळ

पूल संपला तरी आम्ही दोघी चालतच होतो. बस बंद होत्या आणि घर अजून लांब होतं. वन्संनी चपलेतला खडा झटकला आणि भर रस्त्यात कविता सुरू केली. समोरून येणारा सायकलवाला थांबला. त्याला वाटलं, आपल्यालाच हाक आली.

"जा बाबा, तुला नाही," वन्सं म्हणाल्या.

माझ्या या नणंदबाई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला. चादरीचे दोन कोपरे एकीने धरायचे, दोन दुसरीने, आणि झटका देऊन घडी घालायची. यंत्रांच्या घरघरीत बोलणं म्हणजे ओरडणंच. घरी त्यांनी मीठ मागितलं तरी शेजारीण दार उघडून बघते. त्यांना भोंगा हे नाव ह्यांनीच ठेवलेलं, बहिणीचं कौतुक म्हणून.

ह्यांना जाऊन वर्ष होत आलं. सकाळी डबा घेऊन गेले, दुपारी फोन आला. मी रडले नाही, अजूनही नाही. देवापुढे दिवा लावते, हात जोडते, पण मागायला काही सुचत नाही. तो समजून घेत असेल. वन्संही रडल्या नाहीत. फक्त चादर झटकता झटकता त्यांच्या तोंडून एकेक ओळ निघायला लागली. समोरचे कोपरे धरणारी म्हणाली, "अगं, ते स्लॅम का काय असतं, तिथं जा की. कविता पाठ करायची, उभं राहून म्हणायची, ऐकणारे गुण देतात."

वाचनालयाच्या माडीवर ती मंडळी जमतात. पहिल्याच दिवशी वन्संनी माईकपुढे धुलाईघरातला आवाज लावला. माईक किंचाळला, पुढच्यांनी कान झाकले. कार्यक्रम चालवणारी मुलगी म्हणाली, "मावशी, ओरडायचं काम माईक करतो. तुम्ही नुसतं बोला."

सगळे हसले, वन्संही हसल्या. मग भांडी घासता घासता, मोरीकडे तोंड करून, त्या हळू बोलायला शिकल्या.

उद्या पुन्हा माडीवर त्यांची पाळी होती. कविता ह्यांच्यावर आहे हे मला चालता चालताच कळलं. डबा आला, दाराची कडी आली, ह्यांचं खाकरणंसुद्धा आलं. मला काही झालं नाही. एक दुकानदार ओल्या फडक्यानं पाटी पुसत होता, त्याच्याकडे मी बघत राहिले. मध्येच वन्सं थांबल्या.

"इथं अडतं बघ."

"पुढे काय आहे?"

"दादा जिना चढत असतो आणि तू खालून हाक मारतेस. ती हाक मी मारली की नाटकातली वाटते. मी तर त्याला दादाच म्हणत आले."

"मग गाळा ती ओळ."

"गाळली तर उरलं काय? रिकामा डबा?"

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"गुण गेले खड्ड्यात गं," त्या म्हणाल्या. "पण चार लोकांत दादाला एकदाच उभं करणार, आणि तेही खोटं?"

थोडं चालून गेल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं.

"वहिनी, एकदा 'अहो' म्हण. तू जिन्याखालून म्हणायचीस तसं."

"इथं? रस्त्यात?"

"इथंच. मी तुझ्याकडे बघत नाही. म्हण."