वडिलांसाठी चार ओळी

धुळ्याहून शिंदखेड्याकडे जाताना रस्त्याला लागून एका पाथरवटाची पत्र्याची शेड होती. त्याचं नाव मी विचारलंच नाही. वडिलांच्या समाधीवर कोरायला मी माझ्या चार ओळी त्याला दिल्या. उत्तरकार्यात मी त्या वाचल्या तेव्हा सगळा मांडव रडला होता.

छिन्नी उचलण्याआधी तो फरशीवर खडूने एकेक अक्षर काढायचा, ओठ हलवत. तिसऱ्या ओळीवर थांबला. पापण्यांवरची भुकटी मनगटाने पुसत म्हणाला, "भाऊ, यामा बठ्ठं तुमनंच दुःख शे. तुमना बाप कोठे शे?"

सगळं दुःख माझंच, वडील त्यात नाहीतच? मला संताप आला. जळगावात लोक मला कवी म्हणतात, आणि हा मला शिकवणार?

त्याने ओल्या फडक्याने खडू पुसला, पाण्याचा तांब्या पुढे केला. "बसा. बापनी एखादी गोट सांगा, ती कोरसू."

दुपार होईपर्यंत मी पेन उघडून बसलो. जे जे आठवलं, त्यात मीच होतो. वडील कुठेतरी मागे, पाठमोरे.

समाधीवर आज नुसतं त्यांचं नाव आहे. गावातले लोक त्या साधेपणाचं कौतुक करतात.