मूठभर कापूस आणि किसनाजींची चांदमारी

हिवरखेडचे शेतकरी किसनाजी गेल्याचे मला त्यांच्याच गावच्या एका गाडीवानाने सांगितले. अमरावतीच्या राजापेठेतल्या माझ्या अडतीसमोर त्याने बैल सोडले, तोंडावर पाणी मारले आणि म्हणाला, "भाऊ, किसनाजी गेले. ताप आला, तो उतरलाच नाही." मी काहीतरी विचारले असेल, तो काहीतरी बोलला असेल... आठवत नाही. त्याच्या गाडीतला कापूस शेवटी शेजारच्या अडत्याने उतरवून घेतला, एवढे मात्र आठवते. आज महिना लोटला. दोन शब्द लिहावेसे वाटतात, कारण या माणसाने जे मागितले ते वऱ्हाडात त्याच्याआधी कोणी मागितल्याचे मी ऐकले नव्हते. देवळासाठी झोळी फिरते, पाणपोईसाठी फिरते. किसनाजींनी ती चांदमारीसाठी फिरवली, म्हणजे गावच्या लोकांना नेम धरायला शिकवणाऱ्या मैदानासाठी.

अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाचे सोने झाले, तेव्हाची ही गोष्ट. ज्याच्या बैलांना झूल ठाऊक नव्हती त्याच्या दारात बसून फिरायची नवी दमणी उभी राहिली, आणि त्याच पैशातून घराघरात बंदूक आली. परवाना काढायचा, बंदूक आणायची, ओसरीच्या भिंतीला टांगायची. रानडुकरे ज्वारी लोळवतात हे कारण खरे, पण मिरवण्याची हौसही तेवढीच खरी. ती चालवायला मात्र कोणी शिकत नव्हते. किसनाजींचा धाकटा भाऊ म्हादू आणि शेजारचा गणपत हे जिवाचे दोस्त. गणपत नवी बंदूक घेऊन ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसला होता. दिवस मावळायला आला होता. ज्वारीची ताटे हलली, डुक्कर आले असे वाटून त्याने गोळी झाडली... आणि म्हादू त्याच्यासाठी भाकर घेऊन येत होता.

मी म्हादूच्या तेराव्याला गेलो तेव्हा किसनाजींनी मला ओसरीवर बसवले. मग म्हणाले, "भाऊ, गणपतनं म्हादूले मारलं असं लोक म्हनतात. मी नाही म्हनत. त्याच्या हाती बंदूक सगळ्यायनं देली, शिकवलं कोनंच नाही."

त्यानंतर त्यांनी गावाबाहेरच्या नाल्याची उंच दरड हेरली आणि तिच्यापुढे मातीचा बांध घातला. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठी, उस्मान जमादार राहत. पलटणीतून निवृत्त झालेला हा माणूस त्यांनी विनवून हिवरखेडला आणला. मैदान झाले, उस्ताद मिळाला. पण बंदुकीची दारू आणि शिसे लागतच होते, जमादारांच्या घरची चूलही पेटायला हवी होती. तेव्हा किसनाजी अमरावतीला आले. आम्ही अडते दर गाडीमागे धर्मादाय काढायचो, आणि त्याचा विनियोग पंच ठरवायचे. मी त्यांना पंचांपुढे नेले. पंचांतले सर्वांत वजनदार शेठजी हसले. "किसनाजी, पाणपोईले मागा, धर्मशाळेले मागा. बंदुकीत कुठला धर्म?"

"शेठजी, पाणपोई नसली तं मानूस पुढच्या गावी पानी पेते. सुटलेली गोळी वापस येत नाही."

 त्यावर शेठजी म्हणाले, सारा खर्च मी एकटा उचलतो, पण तिथे फक्त माझे पहारेकरी शिकतील. किसनाजींनी हात जोडले. "मंग ते तुमची पलटन झाली. मले ते गावासाठी पायजे." आणि पागोटे सावरून ते निघाले. मी बाजारभर त्यांच्यावर चिडत त्यांच्या मागून चाललो. आलेली लक्ष्मी अशी कोण परतवतो? ते फक्त म्हणाले, "चालू द्या भाऊ, पाहू."

पाहिले ते असे, की पुढच्या हंगामात किसनाजी अकोल्याच्या कापूस बाजाराच्या तोंडाशी रिकामे पोते पसरून बसले. येणाऱ्या प्रत्येक गाडीवानाला उठून राम राम करायचे, मुसलमान गाडीवानाला सलाम, आणि म्हणायचे, "चांदमारीले मूठभर द्या." दोन मुठी दिल्या तर एक परत करायचे. ती भरलेली पोती विकून आलेल्या पैशावर चांदमारी चालली. माळी आले, कुणबी आले, महार आले, तेल्हाऱ्याकडचे मोमीन आले. जमादार पहिले कित्येक दिवस कोणाला दारू भरूच देत नसत. बंदूक उचलायची कशी, ठेवायची कशी, एवढेच.

एके सकाळी गणपत मैदानाच्या कडेला येऊन उभा राहिला. म्हादू गेल्यापासून त्याने कोणाशी नजर मिळवली नव्हती. सगळ्यांचे हात थांबले. जमादारही किसनाजींकडे पाहू लागले. किसनाजींचा चेहरा राखेसारखा झाला होता, हे मी स्वतः पाहिले. ते चालत त्याच्यापाशी गेले.

"काहून आला?"

"शिकाले आलो, दादा. तुमी म्हनान तं वापस जातो."

किसनाजींनी त्याचा दंड धरला आणि त्याला ओळीत नेऊन उभे केले. "इथं उभा राय. पहिलेपासून शीक." मग ते नाल्याकडे गेले आणि पाठमोरे उभे राहिले... किती वेळ, सांगता येणार नाही. 

पुढे अमेरिकेतली लढाई सरली आणि कापसाचा भाव उतरणीवरच्या गाडीसारखा कोसळला. किसनाजी आपण होऊन पोते गुंडाळून घरी आले. "आता त्यायच्या पोरायच्या तोंडातलं कसं मागू?" दारू संपली तेव्हा रिकाम्या बंदुकीवर शिकवणे सुरू राहिले. त्या दिवसांत मी शेठजींना आग्रहाने हिवरखेडला नेले; म्हादू-गणपतची गोष्ट त्यांना वाटेत सांगितली. नवख्यांना शिकवणाऱ्या एका गड्याची त्यांनी तारीफ केली, तेव्हा जमादार हळूच म्हणाले, "शेठजी, हाच तो गणपत."  पंचांच्या पुढच्या बैठकीत चांदमारीला धर्मादाय देण्याचा विषय त्यांनीच काढला, कसलीही अट न घालता.

गेल्या आठवड्यात मी हिवरखेडला जाऊन आलो. जमादार आता थकले आहेत, मैदान गणपतच पाहतो. बार काढण्याआधी तो बंदूक खाली धरून मोठ्याने ओरडला, "समोर कोनी हाये का?" समोर दरडीपर्यंत सगळे रान उघडे दिसत होते. मी विचारले, "कोणी नाही हे दिसतंय, मग ओरडतोस कशाला?"

"दादायनं लावलेली सवय हाय, भाऊ. दिसलं नाही तरी इचारायचं, अन् जवाबाची वाट पायची."

तेवढ्यात दरडीच्या पलीकडून बाईचा आवाज आला, "हाये रे बाबा, थांब!" डोक्यावर कडब्याचा भारा घेतलेली एक म्हातारी सावकाश वर आली, बांधाच्या कडेने चालू लागली. गणपत बंदुकीचे तोंड जमिनीकडे करून उभा होता. ती पांदीच्या वाटेत शिरून दिसेनाशी झाली, तरी तो तसाच उभा होता.