चुकीचे मेले

डासांना मच्छरदाणीत ठेवून स्वतः बाहेर झोपणारी बाई रोह्यातच काय, अख्ख्या जगात एकच असेल, आणि ती नेमकी माझी थोरली नणंद निघाली. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून वन्सं निवृत्त झाल्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी त्यांनी जाळीचे दोन पिंजरे टांगले. एकात रोहेकर डास, इथल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत पिढ्यान् पिढ्या सांभाळलेले, औषधाचा वाससुद्धा न घेतलेले. दुसऱ्यात पेणकर, गणपतीच्या कारखान्यामागच्या पिंपातले, फवारणीतून वाचलेल्यांची पोरं. पेणहून कुणी येणार असलं की वन्संचा निरोप जायचा, पोह्याचे पापड नकोत, पिंपातलं पाणी आणा. चार वाजता त्या डावा हात पिंजऱ्यात घालून बसत आणि उजव्या हाताने चहा पीत. "माद्यांचं होऊ दे गो आधी."

"डासांना औषधाची सवय झालीय," असं मी एकदा म्हणाले. त्यांचं लाटणं थांबलं.

"सवय तुला चहाची. यांच्यातल्या काहींच्या अंगात ते मुळातच होतं. बाकीचे मेले, हे उरले, आता यांचंच गोकुळ."

गावात डेंग्यूचे रुग्ण वाढत होते आणि नगरपालिका पेणला मारतात तेच जुनं औषध फवारत होती. ते बदलावं म्हणून वन्संनी तिथल्या साहेबांना सोमवारी घरी बोलावलं होतं. हेच औषध दोन्ही पिंजऱ्यांत मारायचं. रोहेकर पटापट मेले तरच औषधात भेसळ नाही हे पटणार आणि पेणकरांचा चिवटपणा दिसणार.

रविवारी गौरी यायच्या होत्या. वन्सं तेरड्याची रोपं आणायला गेल्या. आमचे हे उत्साही. गौरी यायच्या म्हणून त्यांनी पंप घेऊन घरभर तेच औषध मारलं. वन्सं परतल्या तेव्हा रोहेकर झाडून सगळे पाय वर करून पडलेले. पेणकर जाळीवर निवांत.

"ताई, निम्मे तरी मेले की!" हे म्हणाले.

"चुकीचे मेले रे," म्हणून त्या तेरड्यासकट पाटावर बसल्या.

मला डासांचं कौतुक नाही. पण मसाल्याच्या फळीवर वन्संचा एक टीपकागद होता, वाळलेल्या काळ्या ठिपक्यांचा, पाणी मिळालं की फुटणाऱ्या रोहेकरांच्या अंड्यांचा. गौरी बसल्यावर मी तो वाटीभर पाण्यात बुडवून वन्संपुढे ठेवला. साहेबांना दोन आठवड्यांनी या म्हणून कळवलं.

सकाळी वाटीत वळवळ दिसली. वन्सं भिंग लावून कितीतरी वेळ बघत होत्या.

"असले डास बाहेर आता उरले नसतील गो," त्या हळूच म्हणाल्या. "एका फवाऱ्यात जातील बिचारे."

साचलेलं पाणी दिसलं की ओतून टाकायचं, हा माझा जन्माचा नेम. त्या वाटीवर मात्र मीच जाळी झाकली, आणि पंप माळ्यावर टाकला.