आत्याच्या पाठीवरचं लाल फडकं

फटफटीचा आवाज आला की मी अजूनही तोंडातल्या तोंडात शिवी देते. साधीसुधी नाही, चांगली पिढ्यांचा उद्धार करणारी. घरातली मंडळी हसतात. सून म्हणते, आई गेल्या जन्मी फटफटीखाली आल्या असतील. गेल्या जन्मापर्यंत जायची गरज नाही. याच जन्मात, याच डोळ्यांनी पाहिलंय.

आम्ही मूळचे भाजे गावचे. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, रेल्वेत गेटमन होते. लोणावळ्याच्या बाहेर, पुण्याच्या अंगाला एक फाटक होतं आणि त्याला लागून दोन खोल्या. तिथे आबा, मी आणि आबांची धाकटी बहीण असे तिघे राहायचो. आई मी लहान असतानाच गेली होती, मला वाढवलं ते आत्याने. ही गोष्ट सत्तर सालच्या आसपासची. मी तेव्हा गावातल्या एका शाळेत मास्तरीण होते आणि फाटकापासून शाळेपर्यंत रोज चालत जायचे.

आत्या बहिरी होती. दहा वर्षांची असताना मोठा ताप आला, ताप उतरला आणि जाताना कान घेऊन गेला. बोलायला ती आधीच शिकली होती, त्यामुळे बोलायची, पण आवाजाला चढउतार नव्हता. "मीठ दे" हेसुद्धा ती दवंडी पिटल्यासारखं सांगायची. लग्न झालं नाही. बहिरी सून घरात कोण आणणार? तिने त्याचं फार दुःख केलेलं मला आठवत नाही. डोंगरातून टाकळा, कुर्डू, भारंगी असल्या रानभाज्या खुडून आणायची, थंडीत पावट्याच्या शेंगा, उन्हाळ्यात करवंदं, आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजारात जाऊन बसायची. बाजार हे तिचं माहेर होतं आणि सासरही. तिथे तिच्या ओळखी होत्या, भांडणं होती, ठरलेली जागा होती. रविवार तिचा मोठा दिवस, कारण त्या दिवशी मुंबईची माणसं गावात असायची.

आता कोणी विचारील, बहिरी बाई रस्त्याने एकटी कशी जायची? अगदी मजेत जायची. रस्त्याच्या कडेची मातीची पट्टी धरून चालायची. आमच्याकडच्या गाडीवानांची एक रीत होती. आत्या पुढे दिसली की मागून येणारा गाडीवान एक मातीचं ढेकूळ उचलायचा आणि तिच्या पावलांच्या पुढे टाकायचा. ढेकूळ पडलेलं दिसलं की ती मागे वळूनही न बघता बाजूला व्हायची, हात वर करायची, आणि गाडी निघून जायची. हे कोणी ठरवलं नव्हतं, कोणी शिकवलं नव्हतं. टांगेवाले करायचे, सायकलवाले करायचे, एसटीचा एक ड्रायव्हरसुद्धा खिडकीतून शेंगदाणे टाकायचा. तिला ते आवडायचं, शेंगदाणे वेचून खायची.

मग ती तीन कार्टी आली.

वरच्या अंगाला मोठे बंगले होते, मालक मुंबईला. त्यातल्या एका बंगल्यात शनिवार-रविवार तिघे जण यायला लागले. कॉलेजात जाणारे, मिसरूड फुटून चांगली झुडपं झालेले घोडे. त्यांच्याकडे तीन फटफट्या होत्या, डोंगरात उडवायला म्हणून पार सोलून काढलेल्या. मडगार्ड नाही, दिवा नाही, सायलेन्सर नाही, आणि चाकांना बोटभर जाडीचे खवले. दिवसभर डोंगराच्या उतरणीवर नाचवायच्या, लोकांच्या भाताच्या बांधांवरून उड्या मारायच्या, आणि संध्याकाळी त्याच चिखलाच्या चाकांनी भर बाजारातून जायचं. डांबर त्यांना मिळमिळीत वाटायचं. म्हणून डांबर सोडून कडेच्या मातीच्या पट्टीवरून जायचे. म्हणजे माणसांच्या वाटेवरून.

आणि स्वतःची काळजी किती! डोक्याला टोप, हाताला चामड्याचे मोजे, गुडघ्यांना जाड पट्टे. आपल्या हाडांचा त्यांनी पुरता विचार केला होता. शाळा सुटायच्या वेळेला रस्त्यावर पन्नास पोरं असायची, त्यांच्या हाडांचा विचार करायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

पहिल्यांदा त्यांनी आत्याची पाटी उडवली. मागून आले, खांद्याला घासून गेले, शेंगा रस्ताभर. ती भेलकांडली, पण पडली नाही. मी दुसऱ्या रविवारी बंगल्यावर गेले. एका पोराची आई व्हरांड्यात बसली होती. तिने मला बसायला सांगितलं, चहा आणवला, सगळं गोड. म्हणाली, "अहो, सायलेन्सर मुद्दाम काढलाय. आवाज लांबून ऐकू येतो, माणसं आपोआप बाजूला होतात. उलट सेफ आहे ते."

"माझी आत्या बहिरी आहे," मी म्हणाले.

"अरेरे! मग तिला एकटीला रस्त्यावर कशाला सोडता?"

चहा तसाच ठेवून मी उठले. त्या बाईचा मला आजही राग येतो. तिच्या पोरापेक्षा जास्त. पोरगं माजलेलं होतं, ही शहाणी होती.

चौकीवर हवालदार म्हणाला, "बाई, पोरंच ती. आपणच जरा जपून चालायचं." बाजारातले दुकानदार म्हणाले, पोरं दंगा करतात पण गिऱ्हाईक चांगलं आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! मी घरी येऊन आबांवर ओरडले की गावात एकालाही कणा नाही.

आबा ओरडणारे नव्हते. त्यांचा विश्वास सगळा रेल्वेवर. तीस वर्षं त्यांनी एकच गोष्ट पाहिली होती: लाल झेंडी दाखवली की केवढीही मोठी गाडी थांबते. इंजिनाचा साहेब ड्रायव्हर असो की वर मंत्री बसलेला असो, लाल म्हणजे लाल. जगात कुठलंही चाक लाल रंगाला मान देतं अशी त्यांची समजूत होती. त्यांनी एक विटलेली जुनी झेंडी काढली, काठीवरून कापड उतरवलं, आणि आत्याच्या पाठीवर पसरून दोन टोकं खांद्यांवरून पुढे घेऊन छातीशी घट्ट गाठ मारली.

"आता लांबनं दिसंल," ते म्हणाले. "लाल दिसलं की थांबत्यात. मंग त्यो कुनी बी असू."

"आबा, ती रेल्वेची माणसं नाहीत. त्यांना काय लाल आणि काय हिरवं?"

"डोळं हायेत न्हवं त्यास्नी?"

आत्याला ते मुळीच आवडलं नव्हतं. बाजारातल्या बायका विचारायला लागल्या, हे काय गं, बैलाला झूल घातल्यागत? पण दादाने बांधलंय म्हणून ती बांधून जायची. दादाचा शब्द तिने कधी मोडला नव्हता.

पोरांना खेळच मिळाला. मागून यायचं, एका हाताने फटफटी, दुसऱ्या हाताने फडक्याला हात लावायचा. जो हात लावील तो जिंकला. एका रविवारी दोनदा असं झालेलं मी स्वतः पाहिलं. दगड उचलून मारला, लागला नाही. नेम नाही याचं मला फार वाईट वाटतं.

पुढच्या रविवारी एकाने नुसता हात लावला नाही, फडकं मुठीत धरलं. आबांची गाठ रेल्वेची गाठ, ती सुटते कशाला? आत्या फडक्याबरोबर फटफटीमागून ओढली गेली, चार पावलं फरफटली, मग कापड एका टोकाला फाटलं आणि ती गटाराच्या दगडावर पडली. उजवं मनगट मोडलं. पोरं थांबली नाहीत. बाजारातल्या बायकांनी तिला टांग्यात घालून घरी आणलं. हाड बसवणाऱ्याने कामट्या लावून हात बांधला तेव्हा ती ओरडली, आणि तिला स्वतःला ते ओरडणं ऐकू येत नव्हतं. मला येत होतं.

मला वाटलं, आता तरी आबा उठतील. बंगल्यावर जातील, चौकीवर जातील, निदान एखाद्याची कॉलर धरतील. आबा तिच्या समोर बसले आणि ओठ दिसतील असं सावकाश म्हणाले, "आता बाजार बंद. तू घरातच ऱ्हायचं. हितं बसायचं. न्हाई जायचं."

वा! फटफटीवाल्यांपुढे तोंड उघडायला जीभ नव्हती, बहिणीपुढे होती. मी त्यांना तसं तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, "मोटी मानसं हायेत ती. आपुन काय करनार?" मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. जेवायला वाढायचे, बोलायचे नाही.

आत्या दारात बसायची. सकाळी उठून सवयीने पाटी पुसायची आणि परत भिंतीला उभी करायची. कोणी भेटायला आलं की म्हणायचं, बरं झालं, आता सुरक्षित आहे. सगळ्या गावाचा जीव भांड्यात पडला होता. तीन फटफट्या मोकळ्या आणि बहिरी बाई कोंडलेली, एवढ्यावर लोकांची सुरक्षा भागली होती. तिचं तोंड मात्र बारीक होत चाललं. जेवण निम्म्यावर आलं. एकदा मला म्हणाली, "माज्या जाग्यावर कोन बसतंय?" मी खोटं सांगितलं की कोणी नाही.

हाताच्या कामट्या अजून निघाल्या नव्हत्या तेव्हाची गोष्ट. रविवार होता, दुपार कलली होती. फाटक बंद. पुण्याकडून मालगाडी यायची होती. फाटकाशी रांग लागली: एक एसटी, दोन बैलगाड्या, एक ट्रक, आणि सगळ्यांना कडेने ओलांडून अगदी आडव्या दांडीला चाकं लावून ती तिघं. इंजिनं चालूच. मधल्याच्या हँडलला आमचं लाल फडकं बांधलेलं होतं. बक्षीस मिळाल्यासारखं.

आत्या दारातून उठली.

तिने काही विचारलं नाही. सरळ त्या फटफटीपुढे जाऊन उभी राहिली आणि डाव्या हाताने गाठ सोडायला लागली. पोरगं आधी हसलं. मग म्हणालं, "ए बाई, हात काढ! बहिरी आहेस का?"

"हो, बहिरीच आहे," मी पायरीवरून ओरडले. "तुला चांगलं ठाऊक आहे ते, मेल्या!"

त्याने इंजिनाचा आवाज वाढवला. रांगेतली माणसं कानावर हात ठेवायला लागली. आत्याला त्याचं काय? ती सावकाश गाठ उकलत होती. एका हाताने जमेना तेव्हा खाली वाकून दातांनी ओढायला लागली. मालगाडी आली, खडखडत बराच वेळ जात राहिली आणि गेली. एसटीवाल्याने हॉर्न दिला. आबा फाटकाच्या चाकाशी उभे होते. गाडी गेली की फाटक उघडायचं, हा त्यांचा धर्म. आयुष्यात त्यांनी त्यात कसूर केली नव्हती. त्यांनी चाकावर हात ठेवला होता, पण चाक फिरत नव्हतं. ते बहिणीकडे बघत होते.

गाठ सुटली. आत्याने फडकं झटकलं, चालत आबांपाशी गेली आणि त्यांच्या हातात कोंबलं. मग तिच्या त्या दवंडीच्या आवाजात, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, "दादा, जितं धोका आसंल तितं लाल लावत्यात न्हवं? मंग माज्या पाटीवर का लावलं? धोका मी हाय व्हय?"

आबांचा चेहरा मी पाहिला. त्या दिवसापुरता तरी माझा राग गेला.

आबांनी चाक फिरवलं, फाटक वर गेलं. आत्या घरात आली नाही. ती फाटकातून निघाली, पाटी नाही, काही नाही, बांधलेला हात छातीशी धरून, डांबराच्या मधोमध, बाजाराच्या दिशेला. फटफट्या पुढे सरकल्या. तेव्हा आबा रस्त्यात आले. त्यांच्या हातात ते फाटकं फडकं नव्हतं, काठीची सरकारी लाल झेंडी होती. ती आडवी धरून ते तिघांच्या चाकांपुढे उभे राहिले. मागे रांग ओरडत होती, हॉर्न वाजत होते. आत्या वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत झेंडी खाली आली नाही.

पुढे स्टेशनातून विचारणा झाली की फाटक मोकळं असताना वाहनं का अडवली. आबांनी सांगितलं, "रस्त्यात मानूस हुतं." बोलणी खाल्ली, पण शब्द बदलला नाही. पोरं सुधारली वगैरे काही नाही, ती उन्हाळ्यापर्यंत तशीच उंडारत राहिली. आत्या मात्र हात बरा व्हायची वाट न बघता बाजारात बसायला लागली आणि तिच्या जागेवर बसलेल्या बाईला तिने पहिल्याच दिवशी उठवलं.

त्या दुपारी आबांनी झेंडी धरली होती तेवढा सगळा वेळ त्या तिघांनी आत्याच्या पाठीकडे बघून शिव्या दिल्या. आईबापावरून, जातीवरून, सगळ्या. तिला त्यातली एकही ऐकू आली नाही. मला सगळ्या ऐकू आल्या. तेव्हापासून रस्त्यावर फटफटी वाजली की मी त्या एकेक करून परत करते आहे, आणि अजून फिटलेल्या नाहीत.