कासवांचा डबा

जिन्याखालच्या खोलीत तिचं शिवणाचं दुकान होतं. खोली कसली, मशीन आत गेलं की गिऱ्हाइकानं बाहेरच उभं राहायचं. पण अर्ध्या गल्लीच्या अंगावरचे कपडे त्या खिडकीतून कधी ना कधी आत जाऊन आलेले. कुणाची पँट आखूड करायची असे, कुणाची झिप फसलेली असे, कुणाचं पोट सुटलं म्हणून शिवण सोडायची असे, की चालले मावशीकडे. सख्खी मावशी ती कुणाचीच नव्हती, तिला बहीणच नव्हती. पण एकदा पडलं नाव ते पडलं.

तिची एक खोड होती. काम झालं की ती पैसे सांगायची नाही. "किती झाले?" असं कुणी विचारलं की मान खाली घालायची, दोऱ्याचं टोक दातांनी तोडायची आणि पुटपुटायची, "टाका हो, काय वाटतील ते." खिडकीच्या कट्ट्यावर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असे, त्यात लोक टाकायचे. टाकताना ती तिकडे बघायचीसुद्धा नाही. नवरा होता तोवर पैशांचं सगळं तोच बोलायचा. तो गेला आणि त्याच्या जागी डबा आला.

वरच्या मजल्यावर तिचे दीर राहायचे. येता-जाता जिन्यातून टोमणा मारल्याशिवाय त्यांना अन्न पचायचं नाही.

"वहिनी, एक दिवस लोक डब्यात बटणं टाकून जातील!"

"टाकू देत की, भाऊजी. बटणं लागतातच मला."

स्वतः भाऊजी मात्र ना पैसे टाकायचे ना बटणं. घरचाच माणूस पडला ना!

तर एकदा जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टरीण आपलं जाकीट घेऊन आली. खिसा फाटला होता. मावशीनं खिसा उलटा केला तर मांडीवर भसकन वाळू.

"अगं, हे काय? वाळू वाहतेस का खिशातून?"

"समुद्रापलीकडची आहे ती, मावशी," डॉक्टरीण हसत म्हणाली, आणि खिडकीला रेलून तिनं सगळं सांगितलं. परदेशात एका किनाऱ्यावर कासविणी येतात, वाळूत अंडी पुरतात आणि आल्या वाटेनं निघून जातात. मग कुत्री उकरतात, माणसं चोरतात. म्हणून कुठून कुठून लोक आपल्या खर्चानं तिथे जातात, अंड्यांभोवती जाळ्या लावून राखण करतात. पिल्लं बाहेर आली की पाण्यापर्यंत त्यांच्या सोबतीनं जायचं.

"उचलून सोडायची ना पाण्यात?"

"छे, हात नाही लावायचा. नुसतं बरोबर चालायचं."

मावशीचा पाय मशीनवरच थांबला. साऱ्या जन्मात तिनं जे केलं ते हातानं धरून, ओढून, टाके घालून. आजारी सासूला उठवलं-बसवलं, नवऱ्याचं सगळं केलं. हात न लावता नुसतं बरोबर चालायचं, असं काही काम असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"म्हातारी बाई चालते का गं तिथे?" तिनं सुईत दोरा ओवत, जणू दुसऱ्याच कुणाचं विचारतेय असं विचारलं.

"वाळूत चालता येतंय का, एवढंच बघतात. पण खर्च आपला आपल्याला करावा लागतो, विमानाचा आणि राहण्याचा."

त्या खिशाला मावशीनं दुहेरी शिवण घातली. पुढे काही दिवस तिच्या डोक्यात कासवंच होती. मग एकदा धीर करून भाऊजींना सांगितलं. त्यांना हसता हसता ठसका लागला.

"कासवं? अहो वहिनी, तुमचे गुडघे त्यांच्यापेक्षा हळू चालतात!"

"मग तर बरंच झालं. बरोबर चालता येईल."

डॉक्टरणीनं तिचं नाव तिकडे कळवलं. उत्तर आलं, या म्हणून. मात्र महिनाअखेरपर्यंत आगाऊ रक्कम भरायची, नाहीतर जागा दुसऱ्याला. पुढच्या वर्षी जाऊ म्हणावं, तर गुडघ्यांचा काय भरवसा? मावशीकडे साठवलेलं थोडं होतं, बाकीचं उभं करायचं होतं. माग म्हटलं तर मावशीच्या तोंडातून शब्द फुटणार नाही, हे डॉक्टरणीला ठाऊक. तिनं दुसरा एक डबा आणला, त्याच्यावर कासवाचं चित्र चिकटवलं आणि खाली लिहिलं, 'मावशी कासवं राखायला चालल्या आहेत, हातभार लावा.' दोन्ही डबे शेजारी शेजारी बसले.

आणि काय सांगावं, कासवांचा डबा भरायला लागला! आधी नाणी खणखणायची, मग आवाज बसका होत गेला. गल्लीला दुसरा विषय उरला नाही. बेकरीवाला तर म्हणाला, "मावशी, माझ्या नावाचं एक पिल्लू पोचवा पाण्यात. जरा आडदांड बघून." मावशीनं प्रवासासाठी स्वतःची एक पँट शिवली. जन्मात पहिल्यांदा. तिला खिसेच खिसे लावले, वाळू आणायला.

महिना संपत आला तेव्हा खोलीचं भाडं काढायला तिनं कामाचा डबा उलटा केला. चार नाणी पडली. आणि एक बटण.

 चोर म्हणावा, तर चोरानं कासवांचा भरलेला डबा कसा सोडला? त्या दिवशी तिनं मान खाली घातली नाही. शिवता शिवता तिरक्या डोळ्यानं कट्ट्याकडे बघत बसली. शाळेतल्या बाई आल्या, परकर घेतला, पैसे टाकले. कासवांच्या डब्यात. बेकरीवाल्याचा नोकर आला, एप्रन घेतला, टाकले. कासवांच्याच डब्यात. शिलाई दिली आणि हातभारही लागला, अशा समाधानानं दोघंही निघून गेले.

म्हणजे इतके दिवस मावशीची वर्गणी मावशीच भरत होती.

"बघा!" भाऊजी जिन्यातून म्हणाले. "आता डब्यांवर चित्रं काढून तरी काय होणार? तोंड उघडा, वहिनी, तोंड!"

भाडं कासवांच्या डब्यातून द्यावं लागलं. डबा निम्मा झाला, आणि दिवस तर हाताच्या बोटांवर उरलेले. 

दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीवाला स्वतःच पँट न्यायला आला. "किती झाले?"

मावशीनं दोरा दाताखाली धरला आणि तसाच सोडला. मग किंमत सांगितली.

"काय म्हणालात?"

तिनं पुन्हा सांगितली. या खेपेला वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेली.

 बेकरीवाल्यानं मोठा श्वास सोडला. "सुटलो बुवा! अहो मावशी, इतकी वर्षं इथे उभं राहून मला घाम फुटायचा. कमी टाकले तर मनाला लागायचं, जास्त टाकले तर बायको घर डोक्यावर घ्यायची." त्यानं शिलाई तिच्या हातात ठेवली आणि एक नोट घडी करून कासवांच्या डब्यात सारली. "ती शिलाई. आणि हे माझ्या पिल्लाचे."

मग काय, जीभ सैल झाली. जो येईल त्याला मावशी किंमत सांगायची, आणि एकही जण भांडला नाही. उलट डब्याकडे हात जायचा तो आता मोकळ्या मनानं. तरी शेवटच्या दिवशी थोडं कमी पडतच होतं.

दुपारी भाऊजी कोट घेऊन उतरले. "वहिनी, अस्तर जरा उसवलंय."

मावशीनं कोट उलटा करून पाहिला. किंमत सांगितली. भाऊजींचा चेहरा असा झाला, जणू भिंतच बोलली.

"आणि इतक्या वर्षांची शिलाई राहिलीय, भाऊजी," ती शांतपणे म्हणाली. "ते कासवांच्या डब्यात टाका. काय वाटतील ते."

भाऊजी वळले. जिना वरपर्यंत करकरला आणि बऱ्याच वेळानं पुन्हा खालपर्यंत करकरला. नोटांचा आवाज होत नाही. पण या वेळी मावशी बघत होती. झाकण बसेना.

निघायच्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी होती. भाऊजी तिच्या आधी येऊन जिन्याशी थांबले होते, कोट घालून. ते बॅग उचलायला वाकले.

"अं हं," मावशी म्हणाली. "हात नाही लावायचा. नुसतं बरोबर चाला."

आणि दोघं गाडीपर्यंत चालत गेली. हळूहळू, गुडघे नेतील तशी.