पाचवर लावलेला पाना

दांडिया बाजारात कुणाचा कुकर शिट्टी देईनासा झाला किंवा कुणाचा पंखा कुरकुरू लागला, की घरातलं कुणी ना कुणी म्हणतंच, "हंबीररावांना दाखवा." हे आता सवयीने म्हणतात. पूर्वी गरजेने म्हणायचे.

हंबीरराव शितोळे सावली गावाजवळच्या एका रसायनांच्या कारखान्यात फिटर होते. फिटर म्हणजे नुसता पाने फिरवणारा माणूस, असं ज्याला वाटत असेल त्याने त्यांच्यासमोर तसं बोलून बघायला हवं होतं. गळणारा व्हॉल्व्ह दुसऱ्या कुणाला आवरेना, की त्यांना घरून बोलावणं यायचं. ते यायचे, बोल्टला पाना लावायचे, डोळे अर्धवट मिटून आवळत जायचे आणि एका जागी थांबायचे. कुठे थांबायचं हे त्यांच्या बोटांना कळायचं. कारखान्यातल्या गुजराती पोरांनी त्याला नावच ठेवलं होतं, 'हंबीरकाकानो हाथ'. एखादा नवा इंजिनियर कागदावरचा आकडा दाखवू लागला, तर काका म्हणायचे, "साहेब, तुमचा आकडा बरोबरच असणार. पण बोल्टाला वाचता येत नाही ने."

वाक्य झकास होतं आणि नोकरीभर पुरलं. वाईट इतकंच, की ते बोटांपेक्षा जास्त टिकलं.

निवृत्तीनंतर साखर निघाली. म्हणजे होतीच, तपासली तेव्हा निघाली. आधी बोटांच्या टोकांना मुंग्या यायच्या, मग मुंग्याही येईनाशा झाल्या. चहाचा पेला हातात धरून ते गप्पा मारत बसायचे, आणि पेला इतका गरम होता हे त्यांना रात्री अंगठ्यावर फोड दिसल्यावर कळायचं. डॉक्टरांनी सांगितलं, नसा गेल्यात, गेल्या त्या परत यायच्या नाहीत, उरल्यात त्या सांभाळा. हंबीररावांनी घरी येऊन फाईल कपाटात कपड्यांखाली सरकवली आणि म्हणाले, "गोड कमी करायला सांगितलंय." एवढा मोठा अर्धसत्यवादी माणूस दांडिया बाजारात दुसरा नसेल.

लपवायचं कारण होतं मैथिली. त्यांची एकुलती एक मुलगी, एका शाळेत खेळाची शिक्षिका. डोंगरातल्या सायकल शर्यती हे तिचं वेड. दगडधोंड्यांतून, चढावरून, झाडांच्या मुळांवरून सायकल हाणायची आणि धुळीने माखून घरी यायचं. तिची पहिली सायकल बापाने जोडली, दुसरी जोडली, तिसरीही. शर्यतीच्या ठिकाणी कुणी विचारलं, "मेकॅनिक कोण तुझा?" तर ती सांगायची, "माझी सायकल बाबांच्या हाताची आहे." हे हंबीररावांनी एकदा स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्यानंतर त्या माणसाला आणखी काही मिळवायचं उरलं नव्हतं, फक्त ते जपायचं होतं.

यंदा तिने कार्बनची फ्रेम मागवली. गेल्या खेपेला राज्याच्या निवडीत तिचं नाव थोडक्यात हुकलं होतं, तेही चढावर. ह्या वर्षीची निवड शर्यत दसरा झाला की लगेचच्या रविवारी, पावागडच्या बाजूला होती. काळी, मुलायम फ्रेम खोक्यातून निघाली तेव्हा तिच्या आईने, कौशल्याबाईंनी, ती दोन बोटांवर उचलली आणि म्हणाल्या, "अगं बाई, माझा देवाचा पाट याहून जड आहे. ही तुला पेलणार?"

"पेलते, आई. फक्त चुकीच्या जागी दाबली तर रुसते."

रुसते म्हणजे काय, हे मैथिलीने बापाला नीट समजावलं होतं. लोखंड जास्त आवळलं तर वाकतं, निदान चाहूल तरी देतं. कार्बन चाहूल देत नाही. आतल्या आत तडकतं आणि मग एखाद्या उतारावर, भर वेगात, तुटतं. म्हणून प्रत्येक बोल्टाशेजारी बारीक अक्षरांत आकडा छापलेला असतो. त्या आकड्यासाठीचा पानाही घरात होता. मैथिलीनेच पहिल्या पगारातून बापाला भेट दिला होता. मुठीवर आकडा लावायचा आणि आवळत जायचं. आकडा गाठला की पाना 'कट' असा आवाज करून सांगतो, बास. हंबीररावांनी तो पाहून "वा वा" म्हटलं होतं आणि डबीत घालून शोकेसमध्ये ठेवला होता. त्यांच्या हाताला मोजपट्टी देणं म्हणजे सुगरणीला मिठाचं माप देणं. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, तो बाहेर निघायचा आणि फुलं घेऊन परत आत जायचा.

ती सायकल जोडण्याचे दिवस मात्र सुखाचे गेले. पुढच्या खोलीत, जुन्या पाइपांच्या घोडीवर फ्रेम टांगलेली. ब्रेकची नळी फ्रेमच्या पोटातून ओवायची होती. बापाने वरून दोरा सोडला, लेकीने खालच्या भोकातून तो तारेच्या हुकाने ओढून काढला, आणि नळी बाहेर आली तेव्हा दोघं लहान पोरांसारखी हसली. टायरमध्ये ट्यूबच नव्हती, पंक्चर आपोआप बुजवणारा पांढरा चीक ओतायचा होता. तो कौशल्याबाईंच्या पायपुसण्यावर सांडला आणि त्यावरून जे व्हायचं ते झालं. शेवटी फक्त हँडल राहिलं. तेही कार्बनचंच. ते मधोमध एका पट्टीखाली धरलेलं असतं आणि पट्टीला चार बारके बोल्ट असतात.

ते चार बोल्ट हंबीररावांनी अष्टमीच्या संध्याकाळी आवळले. घाई होती. शितोळ्यांच्या घरी अष्टमीला हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडायची, नवमीला हळदकुंकू, झेंडू वाहायचा, आणि एकदा मांडली की दसऱ्याच्या सकाळी पूजा उतरेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हा नेम होता. पूर्वजांच्या तलवारी होत्या म्हणतात. त्या गेल्या कुठे ते कुणी सांगत नाही. आता पाटावर पाने आणि पक्कड असतात, पण नेम तलवारींचाच.

मैथिली शाळेच्या गरब्याला गेली होती. हंबीररावांनी साधी ॲलन की, ती षटकोनी टोकाची किल्ली, लावली, डोळे अर्धवट मिटले आणि आवळू लागले. लागला का? बोटं काही बोलेनात. आणखी थोडं. खाली रस्त्यावर टेम्पोतून स्पीकर उतरवत होते, त्याचा दणदणाट चालला होता. आणखी थोडं.

टिक.

ते थांबले. चष्मा लावून वाकून पाहिलं, पण पट्टीच्या आत काय झालं ते वरून दिसणार कसं? उघडून बघायला हवं होतं. चार बोल्ट, पाच मिनिटांचं काम. तेवढ्यात आतून हाक आली, "अहो, हत्यारं द्या ने, पुसायची राहिलीत." हंबीररावांना सुटल्यासारखं झालं. खालचाच आवाज असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि हातातली ॲलन की कौशल्याबाईंच्या ताटात ठेवली.

शोकेसमधली डबी काढली तेव्हा एक गोष्ट त्यांच्या नजरेस आली. तो पाना पाचवर लावलेला होता. असला पाना ठेवताना आकडा शून्यावर आणून स्प्रिंग सैल करायची असते, आणि हंबीररावांनी तो शून्यावर आणूनच ठेवला होता. विसरलो असेन, असं म्हणून त्यांनी तो बाकीच्या हत्यारांशेजारी मांडला.

नवमीला सायकलही पूजेत होती. हँडलला झेंडूची माळ, फ्रेमवर कुंकवाचं बोट. शेजारचे पीयूषभाई दारातूनच ओरडले, "काका, आ तो प्लेन छे प्लेन!" बायको-मुलांना बोलावून त्यांनी ती उचलून दाखवली. "कोनो हाथ छे?" त्यांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. हंबीरराव हसले. दिवसभर जो येईल त्याच्यासमोर हसले आणि मधल्या वेळात माळेखालच्या त्या पट्टीकडे बघत बसले. पाने समोर पाटावर होते, हात लांबवला तर पोचण्याइतके जवळ, आणि त्यांना शिवायचं नव्हतं. नेम मोडला असता तर घरात विचारलं असतं, का मोडला?

दुपारी ते सायकलजवळच खुर्चीत डोळे मिटून पडले होते. स्वयंपाकघरात मैथिली आईशी हळू आवाजात बोलत होती. बोटं गेली होती, कान शाबूत होते.

"आई, पाटावरचा एक पाना घेतला तर? दोन मिनिटं. लगेच परत ठेवते."

"वेड लागलंय का? पूजेतला?"

"मग उद्या, बाबा उठायच्या आधी?"

"पूजा तेच उतरवतात. आत्ताच कशाला हवाय?"

"दर वेळी त्यांच्यामागून मी एकदा फिरवते ना. ह्या वेळी राहून गेलं. गरब्याहून येते तर सगळं पाटावर. कार्बन आहे गं, आई."

"हळू बोल. जागे असतील."

हंबीरराव जागे होते. पाना पाचवर का होता, हे त्यांना त्या क्षणी कळलं, आणि पहिल्यांदा आला तो संताप. आपल्या घरात, आपल्या पाठीमागे, आपलं काम तपासतात! आणि ही बाईसुद्धा त्यात सामील! उठून आत जावं आणि ताट भिरकावून द्यावं असं त्यांना वाटलं. मग त्यांना तो 'टिक' आठवला. संतापायला निदान बरोबर असावं लागतं. ते तसेच पडून राहिले, आणि संध्याकाळी कौशल्याबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, "भूक नाही."

दसऱ्याच्या सकाळी घरात फाफडा-जलेबी आली होती. लहरीपुऱ्यातल्या दुकानातून मैथिलीनेच रांग लावून आणली होती. कपडे करून, हेल्मेट हातात घेऊन ती पूजा उतरायची वाट बघत होती. एकदा पावागडच्या वाटेवर सायकल चालवून बघायची होती. हंबीररावांनी अक्षता टाकल्या, पाट हलवला. मग झेंडूच्या पाकळ्या झटकून त्यांनी तो पाना उचलला आणि लेकीपुढे धरला.

"उघड."

"काय, बाबा?"

"हँडलची पट्टी. तू नेहमी बघतेस ने माझ्यामागे. बघ."

मैथिलीने आईकडे पाहिलं. आईने जमिनीकडे पाहिलं. मग तिने माळ काढली आणि साध्या ॲलन कीने चारही बोल्ट सोडवले. पट्टी निघाली. हँडलच्या काळ्या अंगावर, पट्टीची कड टेकत होती तिथे, केसाएवढी रेघ होती. मैथिलीने नख फिरवलं, नख अडकलं. हंबीररावांनीही बोट फिरवलं. त्यांना काहीच लागलं नाही.

"बाबा, हे कंपनीचंच असणार," मैथिली भराभर बोलू लागली. "असे फॉल्टी पीस येतात. मी फोटो काढून पाठवते ने त्यांना, ते बदलून देतील. तुमचं काही नाही त्यात."

"मी आवाज ऐकला होता."

तिने हातातली पट्टी खाली ठेवली.

"परवा संध्याकाळीच ऐकला. काल दिवसभर बोललो नाही. तू आईला विचारलं नसतंस तर आज ही घेऊन गेली असतीस, आणि मी दारात उभा राहून टाटा केला असता." "बोटांना काही कळत नाही गं आता. गरम नाही, गार नाही, घट्ट नाही, सैल नाही."

"माहीत आहे, बाबा."

"कधीपासून तपासतेस?"

मैथिलीचा हात नकळत हनुवटीकडे गेला. तिथे एक आडवा व्रण होता, तिसऱ्या सायकलीच्या वेळचा. उतारावर दगड आला, असं तिने तेव्हा सांगितलं होतं. हंबीररावांनी स्वतः तिला टाके घालायला नेलं होतं आणि वाटभर त्या दगडाला शिव्या दिल्या होत्या.

"दगड होता म्हणालीस."

"दगड होताच."

"आणि?"

"हँडल हातात फिरलं, बाबा. सैल होतं." आणि लगेच, "थोडंसंच."

कौशल्याबाई उठून आत गेल्या. फाफडा तसाच पडून होता. हंबीररावांनी त्या व्रणाकडे पाहिलं. तेव्हा सैल, आता जास्त घट्ट. मधली जागा, जिथे ते आयुष्यभर थांबत आले, ती त्यांच्या हातातून गेली होती. आणि जे ते लपवत होते ते सगळ्या घराला ठाऊक होतं. 'बाबांच्या हाताची' हे त्या दिवसानंतरही ती सांगतच आली होती. खोटं सांगत होती, आणि ते ऐकून ते मिरवत होते.

जुन्या सायकलीचं ॲल्युमिनियमचं हँडल काढलं. जड होतं, चढावर ते जाणवणार होतं, पण रविवारच्या आत दुसरं मिळणं शक्य नव्हतं. ह्या वेळी मैथिलीने आवळलं आणि हंबीररावांनी पुढचं चाक धरलं. एकेका बोल्टाला पाना 'कट' म्हणत होता. चौथ्याला ती थांबली आणि सवयीने म्हणाली, "शेवटचा तुम्ही घ्या ने, बाबा."

"नको," ते म्हणाले. "तुझं तू कर."

तिने केला. मग तिने पाना शून्यावर आणला आणि डबी मिटली. डबी शोकेसमध्ये ठेवायची की स्वतःच्या खोलीत न्यायची, हे तिला कळेना. हंबीररावांनी तिच्या खोलीकडे मान हलवली.

जायच्या आधी ती देव्हाऱ्यापुढून सोनं घेऊन आली. कितीही उशीर झाला तरी आधी बापाला सोनं द्यायचं, हे तिने लहानपणापासून चुकवलं नव्हतं. तिने आपट्याचं पान त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि नमस्कारासाठी वाकली. हंबीररावांनी मूठ मिटली. मग पान आत आहे की पडलं, हे बघायला त्यांना ती पुन्हा उघडावी लागली.